पाळी सुटेपर्यंत मूल कोणाकडे?

(इचलकरंजी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



 या गावात लहान मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलायचे तर बालवाडीच्या आधी पाळीबद्दल बोलावे लागते. मागाची पाळी बारा तासांची. अंगणवाडी चारेक तासांची. उरलेले आठ तास तीन वर्षांचे मूल कोणाकडे असते?

इथे बसलेल्या पुष्कळांना याचे उत्तर ठाऊक आहे. कांडी मशीनवर बसणारी, गारमेंटमध्ये धागे तोडणारी, कापड चेकिंग करणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, या बायांचे मूल बहुतेक वेळा त्याच्या बहिणीकडे असते. बहीण नऊ-दहा वर्षांची. ती शाळेच्या पटावर असते आणि वर्गात नसते. चौथीतल्या मुलींची गळती थांबावी म्हणून आपण सभा घेतो, पालकांना बोलावून समज देतो. त्या मुलीच्या कडेवर कोण आहे ते मात्र बघत नाही. जिला मोठी मुलगी नाही, ती मूल घेऊनच मागांच्या खात्यात येते. खात्याचा आवाज तुम्हाला मी काय सांगणार? मागाशेजारी उभी असलेली दोन माणसे एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. ज्या वयात कानावर सतत माणसांचे बोलणे पडायला हवे, नेमके त्या वयात ते मूल केसांवर कापसाची धूळ घेऊन खडखडाटात बसलेले असते.

यावर एक ठरलेला प्रश्न येतो. पूर्वीही बायका राबतच होत्या, तेव्हा कुठे होत्या बालवाड्या? घरात आजी असायची. असायची, कबूल. पण हे गाव वाढले बाहेरून आलेल्या माणसांवर. आधी सोलापूर, विजापूरकडची माणसे आली, मग मराठवाड्यातली, मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातली. २०११च्या जनगणनेत इचलकरंजीची लोकसंख्या २ लाख ८७ हजारांवर गेली. आलेल्या कामगाराची आजी गावाकडेच राहिली. आणि जिची आजी इथे आहे, ती पंचावन्न वर्षांची आजी स्वतः कांड्या भरायला जाते.

कायद्याचे म्हणाल तर सहा वर्षांखालचे मूल राज्यघटनेतून जवळजवळ निसटलेच. मूळ ४५व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे होते. चौदापर्यंत म्हणजे त्यात दोन वर्षांचेही आले आणि पाच वर्षांचेही. २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती झाली, शिक्षण मूलभूत हक्क झाले, आपण पेढे वाटले. पण तो हक्क सहा ते चौदा वयाचा झाला. सहाच्या खालची मुले ४५व्या कलमातच, ‘प्रयत्न करावा’ या आश्वासनावर राहिली. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे ११वे कलम तीन ते सहा वयासाठी शासन व्यवस्था ‘करू शकेल’ असे म्हणते. करू शकेल म्हणजे न केल्यास कोणी जाब विचारणार नाही.

पाळणाघराची तरतूद त्याहून जुनी आहे. १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या ४८व्या कलमानुसार तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे होते. आता आपल्या गावातले खाते डोळ्यांसमोर आणा. वीस-चोवीस माग, त्यावर मोजके कामगार, कांडीला दोन बाया. तीस स्त्रिया एका छताखाली येणारच कशा? कायदा मोठ्या गिरणीसाठी लिहिला गेला आणि आपला धंदा गल्लीबोळांत विखुरला. मालकाने कायदा मोडला असेही नाही. कायदा त्याच्या दारापर्यंत पोहोचलाच नाही. म्हणून या गावात पाळणाघर व्हायचे तर एकेका मालकावर बोट रोखून होणार नाही. अनेक खात्यांनी मिळूनच ते करावे लागेल.

हे अशक्य वाटत असेल तर कापडाच्याच धंद्यातली एक जुनी गोष्ट सांगते. महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणवून घ्यायला आपल्याला आवडते. खऱ्या मँचेस्टरच्या गिरण्यांनी लहान मुलांकडून जे काम करून घेतले, त्याची बरोबरी आपण करू नये हे बरे. पण त्याच मँचेस्टरमध्ये धंदा शिकलेला रॉबर्ट ओवेन नावाचा गिरणीवाला १८०० साली स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क येथील सूतगिरण्यांचा कारभार पाहू लागला. सोळा वर्षांनी, १ जानेवारी १८१६ रोजी, त्याने गिरणीच्या आवारात कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली, आणि तीत नुकते चालायला लागलेल्या मुलांनाही घेतले. ब्रिटनमधली पहिली बालशाळा म्हणून तिचे नाव घेतले जाते. शिक्षक म्हणून त्याने कोणाला नेमले? जेम्स बुकॅनन नावाच्या एका विणकराला. माणूस गरीब, लिहिण्यावाचण्यात कच्चा, पण मुलांवर जीव असलेला. त्याच्या जोडीला मॉली यंग ही गिरणीत काम करणारी सतरा वर्षांची मुलगी. मुलांना मारायचे नाही, धमकवायचे नाही आणि पुस्तकांनी हैराण करायचे नाही, एवढीच ओवेनची त्यांना ताकीद होती. शाळेचा खर्च कामगारांसाठी चालवलेल्या दुकानाच्या नफ्यातून भागवला जाई. ओवेन संत नव्हता. आया निर्धास्तपणे कामावर येतील, हा हिशेब त्यात होताच. मला त्या हिशेबाचे काही वावडे नाही. धंद्याला सोयीचे म्हणून जरी मुलांचे भले होत असेल, तरी ते होऊ द्यावे.

आपल्याकडे, १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग चालवला. श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांच्या जहागिरीने उद्योगाला आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. उद्योग आणि शिक्षण, दोन्ही बाबतींत हा मुलूख पुढे होता. पण सहाच्या खालच्या मुलाचा विचार महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने केला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, आणि तो शहरात नव्हे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, बोर्डीला.

ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केले होते. माँटेसोरी पद्धत त्यांना पुरेपूर ठाऊक होती. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचे काम त्यांनी पुढे नेले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या बोर्डीला आल्या. सोबत आल्या अनुताई. लहानपणी लग्न झालेल्या, सहा महिन्यांत विधवा झालेल्या आणि त्यानंतर शिकून शिक्षिका झालेल्या. माँटेसोरीची साधने महागडी, घोटीव लाकडाची. बोर्डीत ती परवडणार कशी? मग शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच साहित्य झाले. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकांशेजारी आणली, तशी लहान भावंडाला सांभाळणारी मुलगी भावंडासह शाळेत येऊ लागली. मघाशी मी ज्या चौथीतल्या मुलीबद्दल बोलले, तिचा प्रश्न या दोन बायकांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी ओळखला होता आणि सोडवलाही होता. आपण त्यांना पद्मभूषण आणि पद्मश्री दिली, आणि त्यांच्या कामातले पाळणाघर तेवढे बाजूला ठेवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडी सरकारी झाली, गावोगाव पोहोचली, ही लहान गोष्ट नव्हे. पण तिची वेळ ठरवताना आईच्या कामाची वेळ कोणी विचारली नाही.

अंगणवाडीला नावे ठेवणे सोपे आहे, म्हणून एका अंगणवाडीत मी पाहिलेले सांगते. भाड्याची खोली, दहा बाय बारा. भिंतीला लागून गहू-तांदळाची पोती. सेविकाताई नोंदी भरत होत्या, कारण मोबाइलवर माहिती वेळेत गेली नाही तर वरून फोन येतो. मदतनीस चुलीपाशी. कोपऱ्यात सुताचे रिकामे कागदी कोन आणि रंगीत प्लॅस्टिकच्या कांड्या एका पाटीत होत्या. कोणाच्या तरी वडिलांनी खात्यातून आणून दिलेल्या. चार वर्षांची एक मुलगी कोनावर कोन चढवत होती. सात चढले की मनोरा कलायचा. तिने दोन-तीनदा प्रयत्न केला, मग थांबली, सगळे कोन खाली घेतले, चेपलेले कोन वेगळे काढले आणि फक्त धडधाकट कोनांचा मनोरा रचला. अकरापर्यंत गेला. शेजारचा मुलगा भोजपुरी बोलणारा. त्याला तिने दटावले, “ह्यास्नी हात लावू नगंस, मोडक्यात खेळ.” त्याला शब्द कळले की नाही कोण जाणे, पण त्याने मोडक्या कोनांतून दोन बरे शोधून तिच्यापुढे धरले. तिने ते तपासले आणि एक घेतला.

वर्गीकरण, मोजणी, तोल, चूक कुठे आहे ते स्वतः शोधणे, परक्या भाषेच्या मुलाशी व्यवहार, सगळे या पाच मिनिटांत आले. फुकट साहित्यात. ताईंचे मात्र तिकडे लक्ष नव्हते, नोंदी राहिल्या होत्या. त्या क्षणी कोणी तिच्याजवळ बसून ‘हे कोन का काढलेस ग?’ एवढे विचारले असते, तर त्याला बालशिक्षण म्हणता आले असते. दर्जा दर्जा म्हणतो तो एवढ्यावर अडलेला असतो. खोलीत एक मोठे माणूस मोकळे असावे लागते.

आता उलट बाजूला चला. त्याच गल्लीत इंग्रजी नावाची नर्सरी असते. साडेतीन वर्षांच्या मुलाला चार रेघांच्या वहीत अक्षरे गिरवायला बसवतात, घरी गृहपाठ देतात, आणि वर्षाअखेरीस काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून पदवीदान समारंभ करतात. ज्याला अजून नाक पुसता येत नाही तो पदवीधर! आईवडील पोटाला चिमटा काढून फी भरतात, म्हणून मी त्यांना हसणार नाही. त्यांना मुलासाठी काहीतरी चांगले हवे आहे आणि चांगले कसे दिसते ते त्यांना कोणी दाखवलेले नाही. राजस्थान, आंध्र-तेलंगण आणि आसाममध्ये मुलांचा वर्षानुवर्षे माग ठेवून ‘असर’ आणि आंबेडकर विद्यापीठाने केलेल्या अभ्यासाचा अहवाल २०१७ साली आला. बहुतेक मुले कुठे ना कुठे जातात, पण शाळेसाठी तयार होऊन फार थोडी बाहेर पडतात, आणि खासगी वर्ग बहुधा पहिलीचाच अभ्यास खाली ओढून आणतात, असे त्यात दिसले. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली ‘सृजन आनंद’ ही शाळा सुरू करून आनंदाने शिकणे म्हणजे काय ते आपल्याच जिल्ह्यात दाखवले. इतक्या जवळ असून आपण तिथून उचलले किती?

लवकर केल्याने फरक पडतो याचे पुरावे मागणाऱ्यांसाठी दोनच सांगते. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली, नऊ महिने ते दोन वर्षे वयाची. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात. घरी बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी खेळायचे आणि आईला खेळायला शिकवायचे, एवढेच काम. दोन वर्षे हे चालले. वीस वर्षांनी पाहिले तर ज्यांच्याकडे सेविका जात होत्या, त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी जास्त होती. दुसरा पुरावा तमिळनाडूचा. तिथल्या ३२० अंगणवाड्यांच्या एका प्रयोगात काही अंगणवाड्यांना अर्धवेळ काम करणारी एक जादा ताई दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे शिकणे सुधारले, आणि जुन्या ताईंना पोषणाकडे बघायला सवड मिळाल्याने खुंटलेली वाढही कमी झाली. ना नवी इमारत, ना टीव्ही, ना टॅब. एक जादा बाई. तुम्ही सायझिंग न करता, म्हणजे खळ न देता, सूत मागावर चढवत नाही, पाऊण तासात दहा ठिकाणी तुटेल हे तुम्हाला माहीत असते. मुलाला मात्र तसेच पहिलीला चढवतो आणि तुटले की शाळेला दोष देतो.

या बाईला काय मिळते ते आता बोलू. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना पगार नसतो, मानधन असते. ४ डिसेंबर २०२३ पासून २५ जानेवारी २०२४ पर्यंत महाराष्ट्रभरच्या ताई संपावर होत्या. त्या काळात इथल्या किती पालकसभांनी त्यांना पाठिंबा दिला? सायझिंग कामगारांनी २०१५ साली किमान वेतनासाठी संप केला, तेव्हा गावात घरोघर चर्चा होती, कारण माग थांबले होते. अंगणवाडी थांबली तर काही थांबल्यासारखे वाटत नाही. २०२२च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. कोर्टाला जे दिसले ते गल्लीला अजून दिसायचे आहे. ती ताई लसीकरण बघते, वजने घेते, गरोदर बाईकडे जाते, मतदारयाद्या करते, आणि उरलेल्या वेळात आपली अपेक्षा असते की तिने मुलांशी गाणी म्हणावीत.

शासनाने हे सगळे करायला हवे हे खरेच आहे, आणि त्याच्या मागे लागणेही सोडता कामा नये. १३ डिसेंबर २००६च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, ज्या झोपडपट्टीत अंगणवाडी नाही आणि सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले आहेत, तिथल्या लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. गावाच्या कडेच्या नव्या वसाहतींत चाळीस मुले मोजायला एक सकाळ पुरेल. हे काम कॉलेजच्या मुलांनी करावे, तरुण मंडळांनी करावे. अर्ज लिहून द्यायला वकील या सभागृहातच चार-पाच दिसतात.

पण जादा वेळ आणि जादा बाई यांसाठी गावाने हात सैल सोडला पाहिजे. आपल्या देवळांतले पंखे बघा. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचे नाव, फिरताना वाचता येत नाही तरीही. अंगणवाडीत पंखाच नसतो. तरी हे गाव कंजूष नाही. आपटे वाचन मंदिर पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. दत्ताजीराव कदमांनी सहकारातून डेक्कन सूतगिरणी उभी केली. महिलांची सहकारी सूतगिरणीसुद्धा याच गावात आहे. एकट्याला झेपत नाही ते मिळून करायचे, हे इथे कोणाला शिकवायला नको.

म्हणून तुमच्याच भाषेत हिशेब मांडते. साध्या मागाला मिनिटाला दीडशे पिक, म्हणजे आडवे धागे, धरा, तासाला नऊ हजार झाले. आपले मजुरीचे माप इंचाला ५२ पिकाचे. भागाकार केला की १७३ इंच, म्हणजे तासाला साडेचार मीटरच्या आत. धागा तुटणे, कांडी बदलणे, वीज जाणे वजा जाता बारा तासांत चाळीस मीटर धरू, दोन पाळ्यांत ऐंशी. गावात लाखभर माग असल्याचे आपण सांगतो. मंदीत निम्मे बंद आहेत असे समजू. ५० हजार माग, रोज ४० लाख मीटर. मीटरमागे एक पैसा बाजूला काढला तर रोजचे ४० हजार रुपये. महिन्याला पंचवीस दिवस धरले तरी वर्षाचे १ कोटी २० लाख. महिना आठ हजारांवर दुपारनंतरची ताई नेमली, तर अशा सव्वाशे ताई होतात. हा पैसा खर्चीवाल्याच्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या मागवाल्याच्या, मजुरीतून कापायचा नाही, कापड विकणाऱ्याच्या बाजूने घ्यायचा. पिकामागच्या पैशांवरून मजुरीवाढीच्या बैठका कशा रात्र-रात्र चालतात ते मला ठाऊक आहे, म्हणून एक पैसाच म्हटले. आणि तो मोजणार कोण, ठेवणार कोण, हा पहिला प्रश्न येईल. यंत्रमागधारकांच्या संघटना, कामगार संघटना आणि महापालिका या तिघांच्या सह्यांचे खाते असावे, असे माझे मत आहे. तिघांचे एकमेकांवर लक्ष राहील.

महापालिकेने सगळे एकदम अंगावर घ्यावे असे मी म्हणत नाही. इटलीत रेज्जिओ एमिलियाजवळच्या एका खेड्यात १९४५ साली, युद्ध संपता संपता, लोकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून मुलांची शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुझ्झी नावाचा तरुण शिक्षक सायकलवरून बघायला गेला आणि त्यातच अडकला. नगरपालिकेची पहिली बालशाळा सुरू व्हायला १९६३ साल उजाडले. मधली अठरा वर्षे लोकांनी, विशेषतः तिथल्या बायकांनी, शाळा चालवल्या आणि नगरपालिकेच्या मागे तगादा लावला. आज जगभरचे शिक्षक ते काम पाहायला तिथे जातात.

इथे सुरुवात एखाद्या गल्लीतल्या दहा-बारा खात्यांनी करावी. आहे तीच अंगणवाडीची खोली, दुपारी दोननंतर पाळी सुटेपर्यंत उघडी, दुसरी ताई त्याच वस्तीतली, बोलकी, मुलांत रमणारी. बुकॅननसारखी लिहिण्यात कच्ची असली तरी चालेल, शिकवता येईल. एक जेवण, एक झोप, एक गोष्ट, आणि कोनांची पाटी. रात्रपाळीच्या बायांचे काय करायचे हे मात्र त्यांनाच विचारून ठरवावे लागेल. मूल झोपेतून उठवून न्यायचे की तिथेच सकाळपर्यंत ठेवायचे, यावर बाहेरच्याने बोलू नये. त्यासाठी बैठक घ्याल तेव्हा ती साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, अकराच्या सुमाराला घ्या, धुणे आटोपलेले असते. आणि बैठक चालू असताना शेजारच्या खोलीत मुलांकडे बघायला कोणीतरी ठेवा, नाहीतर ज्यांना विचारायचे आहे त्या येणारच नाहीत.